सर्पिल दीर्घिकेच्या भुजा घरी घडवून बघायच्या असतील तर

पडवीतल्या लोंबत्या होल्डरला साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि मोबाइलवर प्रकाश मोजणारं ॲप उघडायचं. आमच्याकडे अर्ध्या मीटरवर आकडा आला २१०, एक मीटरवर ५४. दोन मीटरवर तो १३-१४ यायला हवा होता, आला १९. पोरांनी लगेच ॲपला नावं ठेवली, पण दोष भिंतीचा होता. चुन्याची पांढरी भिंत उजेड परत फेकत होती. बल्बच्या मागे आणि दोन्ही बाजूंना काळं घोंगडं टांगलं आणि आकडा १४ वर आला. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई.

गुरुत्वाकर्षणही अंतराच्या वर्गाने असंच उणावतं. नेमक्या याच सारखेपणाचा उपयोग करून स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दोन अफाट समूहांची, गाठभेट टेबलावर घडवली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. एका दीर्घिकेसाठी ३७ बल्ब, दुसरीसाठी ३७. एकेका बल्बच्या जागी प्रकाश मोजणारा घट ठेवायचा, कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते बघायचं, म्हणजे त्या जागेवर कुठून किती ओढ आहे ते कळतं. मग ७४ च्या ७४ बल्ब हिशोबाप्रमाणे हाताने सरकवायचे आणि पुन्हा मोजायला बसायचं. संगणकाशिवाय केलेलं हे काम आहे, आणि त्यातही बल्बांचे घोळके एकमेकांजवळून जाताना त्यांना भुजा फुटलेल्या दिसल्या होत्या.

मी कराडजवळच्या एका गावात राहते. ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आता रविवारी सकाळी अकरावी-बारावीची पाच-सहा मुलं पडवीत येतात. दीर्घिकांच्या भुजा कशामुळे होतात याची उत्तरं त्यांनी व्हिडिओत ऐकलेली असतात. ऐकलेलं लक्षात राहतं, पण पटत नाही. पटतं ते आकडा आपल्या हाताने काढल्यावर. म्हणून ज्या क्रमाने मी हे करून घेते तोच क्रम इथे देते. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत अडलेल्या प्रश्नाला धरून आहे.

सामान थोडकं आहे: आलेख वही, कंपास, कोनमापक, साधा कॅल्क्युलेटर. शेवटच्या पायरीला लॅपटॉप लागतो आणि त्यात पायथॉन ही संगणकाची भाषा.

आधी सूर्यमाला तोला

चार ग्रह घ्या. अंतर पृथ्वीच्या पटीत, वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये. पृथ्वी: अंतर १, वेग २९.८. गुरू: ५.२ आणि १३.१. शनी: ९.६ आणि ९.७. नेपच्यून: ३०.१ आणि ५.४. आता प्रत्येकाच्या वेगाचा वर्ग करा आणि अंतराने गुणा. ८८८, ८९२, ९०३, ८७८. दशांशाची स्थळं वाढवली की हे आकडे आणखी जवळ येतात. हा गुणाकार म्हणजे त्या कक्षेच्या आत किती वस्तुमान आहे त्याचं माप. सूर्यमालेत जवळजवळ सगळं वजन मधल्या सूर्यात, म्हणून कितीही बाहेर गेलात तरी गुणाकार तोच येतो. वहीच्या त्या पानावर मी मुलांना तारीख घालायला लावते, कारण पुढच्या आठवड्यात ते पान परत उघडायचं असतं.

मग देवयानी

देवयानी म्हणजे आपल्या शेजारची अँड्रोमेडा दीर्घिका. दीर्घिकेसाठी एकक बदला. अंतर किलोपार्सेकमध्ये, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांचा एक घास. वेग तोच, सेकंदाला किलोमीटर. वस्तुमान सूर्याच्या पटीत. या एककांत गुरुत्व स्थिरांक ०.०००००४३ येतो. त्याने भागणं चुकायला सोपं, म्हणून मी उलटं सांगते: वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, आणि आलेल्या आकड्याला २,३२,५०० ने गुणा. उत्तर थेट सूर्यांच्या संख्येत मिळतं.

सराव आपल्या घरापासून. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून ८.२ किलोपार्सेकवर आहे आणि सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. गुणाकार करा: सूर्याच्या कक्षेच्या आत सुमारे १० हजार कोटी सूर्यांचं वजन. एक फेरी पुरी व्हायला साधारण २२ कोटी वर्षं लागतात. हा आकडाही मुलांनी परीघ भागिले वेग करून काढायचा. त्यासाठी एक मोलाचा आकडा पाठ करा: सेकंदाला १ किलोमीटर वेगाने १ किलोपार्सेक जायला ९७.८ कोटी वर्षं लागतात.

आता देवयानी. केंद्रापासून १० किलोपार्सेकवर वेग सुमारे २५०, २० वर सुमारे २३०, ३५ वर सुमारे २२६. पहिल्या ओळीचं उत्तर साडेचौदा हजार कोटी सूर्य, दुसरीचं साडेचोवीस हजार कोटी, तिसरीचं साडेएक्केचाळीस हजार कोटी. इथे मागच्या आठवड्याचं पान उघडा. सूर्यमालेत जो गुणाकार जागचा हलत नव्हता तो इथे वाढतच चाललाय. देवयानीची दिसणारी तबकडी २०-२१ किलोपार्सेकनंतर फार फिकी होते. त्यापुढे उजेड जवळपास नाही आणि वजन मात्र आणखी सतरा हजार कोटी सूर्यांनी वाढलं. गेल्या वर्षी एका मुलीने हे गणित दोनदा तपासलं आणि मग विचारलं, "मॅडम, मग तिथे बसलंय कोण?" तो प्रश्न तिच्या वहीत तसाच लिहून ठेवायला सांगितला.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानीतल्या चमकत्या वायूच्या ६७ ढगांचे वेग प्रसिद्ध केले, ते केंद्रापासून २४ किलोपार्सेकपर्यंत जात होते. वेग खाली यायला तयार नव्हता. त्याही पलीकडे तारे मिळत नाहीत, पण थंड हायड्रोजन मिळतो आणि तो २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो. १९७८ साली हॉलंडमध्ये आल्बर्ट बोस्मा यांनी या लहरींवरून बऱ्याच सर्पिल दीर्घिकांचे वेग दूरपर्यंत मोजले आणि गोष्ट तीच निघाली. न दिसणाऱ्या पण ओढणाऱ्या ज्या द्रव्याला आपण कृष्णद्रव्य किंवा डार्क मॅटर म्हणतो त्याची खरी भक्कम बाजू मला या साध्या गुणाकारात दिसते.

नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिच्या टप्प्यात हीच २१ सेंटिमीटरची लहर येते. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात. वरचं गणित करून मग मुलांना घेऊन जा. न करता नेलंत तर ती फक्त मोठ्ठी जाळी बघून येतात.

एक खबरदारी. वरचं सूत्र गोलाकार पसरलेल्या वस्तुमानासाठी नेमकं आहे. दीर्घिकेची दिसणारी तबकडी चपटी असते, त्यामुळे उत्तरात थोडी चूक राहते. उत्तर हजार कोटींत सांगा, पुढचे आकडे लिहू नका.

मच्छर अगरबत्तीचं पान

आता भुजांकडे. आलेख कागदावर मध्यबिंदू घ्या आणि २, ४, ६, ८, १० किलोपार्सेकची वर्तुळं काढा. मध्यापासून उजवीकडे एक सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक वर्तुळावर एकेक तारा ठेवा. ही आपली सरळ भुजा. सगळ्यांचा वेग सारखाच, २२० धरा, कारण आत्ताच आपण बघितलं की वेग बाहेरपर्यंत साधारण सपाट असतो. ५ कोटी वर्षांत प्रत्येक तारा किती अंश फिरतो? सूत्र अगदी सुटसुटीत होतं: ६४५ भागिले त्रिज्या. दोनवाला ३२२ अंश, चारवाला १६१, सहावाला १०७, आठवाला ८१, दहावाला ६४.

कोनमापकाने ठिपके मांडा आणि जोडा. पहिल्याच पावलाला सुंदर सर्पिल आकार येतो आणि मुलं खूश होतात. त्यांना थांबू देऊ नका. दुसरं पाऊल, तिसरं, चौथं. चौथ्याला, म्हणजे २० कोटी वर्षांनी, आतला तारा साडेतीन फेऱ्यांच्या पुढे गेलाय आणि बाहेरच्याची पहिलीसुद्धा पुरी झालेली नाही. विसाव्या पावलाला, १०० कोटी वर्षांनी, आतल्याच्या जवळजवळ १८ फेऱ्या, बाहेरच्याच्या साडेतीन. मधल्या भुजेला चौदाहून जास्त वेढे बसले. कागदावर जे उरतं ती मच्छर अगरबत्ती असते. आकाशगंगेची तबकडी तर काही अब्ज वर्षं जुनी. खऱ्या दीर्घिकांचे फोटो बघा, भुजा केंद्राभोवती एखाद-दुसरा वेढा घेतात, फार नाही.

हे पान खरंच हाताने काढा. कॅल्क्युलेटरवर फेऱ्यांचा आकडा बघून जे कळतं त्यापेक्षा, सातव्या-आठव्या पावलाला पेन्सिलीच्या रेघा एकमेकींत घुसायला लागतात तेव्हा जास्त कळतं. भुजा त्याच त्याच ताऱ्यांची बनलेली असती तर ती टिकलीच नसती, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

उसाचा ट्रॅक्टर

आमच्या कराड-तासगाव रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लागतो. वेग ताशी पंधरा. वाढे दोन्ही बाजूंना लोंबतात, मागच्याला पुढचं काही दिसत नाही. त्याच्यामागे मोटारसायकली, जीप, एसटी, टेम्पो असा घोळका जमतो. प्रत्येक गाडी पाच-दहा मिनिटं अडकते, मोकळी जागा मिळाली की पुढे काढते आणि साठने निघून जाते. मागून दुसरी येऊन घोळक्याला मिळते. उंचावरून कोणी बघितलं तर त्याला एक गर्दीचा ठिपका ताशी पंधराने सरकताना दिसेल. ठिपका तोच, आतल्या गाड्या दर दहा मिनिटांनी वेगळ्या.

सर्पिल भुजा बऱ्याच अंशी अशी गर्दी आहे. तारे आणि वायू तिच्यात मागून शिरतात, थोडे रेंगाळतात, पुढे निघतात. गर्दीचा वेग वेगळा, ताऱ्यांचा वेगळा. गर्दीत शिरताना वायू दाबला जातो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. त्यातले सगळ्यात वजनदार, निळे तारे जेमतेम तीस-चाळीस लाख ते कोटीभर वर्षं जगतात. भुजेपासून फार दूर जायच्या आत संपतात. भुजा निळ्या दिसतात त्या यामुळे.

हे तपासायला एम ५१ या दीर्घिकेचा चांगला रंगीत फोटो छापून आणा. भुजेवर आडवी रेघ ओढून आतून बाहेर या. आधी आतल्या कडेला धुळीची काळी पट्टी लागते, मग वायूचे गुलाबी ढग, मग निळ्या ताऱ्यांचे पुंजके. दाब, जन्म, उजेड या क्रमाने. मुलांनी हा क्रम स्वतः शोधायला हवा, म्हणून मी आधी सांगत नाही. तुमच्याजवळचं मूल शेजारी बसून वाचत असेल तर हा परिच्छेद झाका.

ट्रॅक्टरची उपमा एका जागी अपुरी पडते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. रस्त्यावर गर्दी करणारा ट्रॅक्टर वेगळा आहे. तबकडीत वेगळा ट्रॅक्टर नसतो. जिथे तारे थोडे दाटले तिथलं वजन वाढतं, वाढलेलं वजन आणखी ताऱ्यांना ओढतं. गर्दीच गर्दीला धरून ठेवते. सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ साली मांडलं की अशी घनतेची लहर दीर्घकाळ आकार न बदलता फिरू शकते. १९६९ साली अलार तूम्रे यांनी दाखवलं की अशी लहर तबकडीत सरकत जाते आणि थोड्याच फेऱ्यांत विरते. तिला कोणीतरी पुन्हा पुन्हा उठवावं लागतं. मी मुलांना हीच बाजू शिकवते: बहुतेक दीर्घिकांत भुजा उठतात, वाढतात, विरतात आणि परत उठतात. दोन ठसठशीत, रेखीव भुजा असल्या की शेजारी एखादी दीर्घिका किंवा मध्ये ताऱ्यांचा दांडा आहे का ते आधी बघावं.

भुजा उठतील की नाही, हे एका आकड्याने

गर्दी गर्दीला धरते म्हटलं, तर सगळी तबकडी गोळा होऊन गठ्ठे का होत नाहीत? तूम्रे यांनीच १९६४ साली याचा हिशोब दिला. गठ्ठा करायला बघतं ते गुरुत्व. विरोधात दोघे. एक, ताऱ्यांचे आपापले इकडेतिकडे जाणारे वेग. दोन, तबकडीचं फिरणं. ताऱ्यांची चुळबूळ आणि फिरणं यांचा गुणाकार वर, गुरुत्व खाली, अशा भागाकाराला क्यू म्हणतात.

सूर्याच्या परिसरासाठी काढा. चुळबुळीचा वेग सुमारे ३८. फिरण्याचं माप: तारा केंद्राभोवती फिरता फिरता आत-बाहेरही झुलतो, त्या झुलण्याची गती घ्यायची. वेग सपाट असेल तर ती वेग भागिले त्रिज्या, गुणिले १.४१. म्हणजे २३० भागिले ८.२, आले २८, गुणिले १.४१, साधारण ४०. वरचा गुणाकार १,५२०. खाली: ३.३६ गुणिले ०.०००००४३ गुणिले तबकडीच्या एका चौरस किलोपार्सेकमधलं वजन, जे सुमारे ५ कोटी सूर्य धरा. आले ७२२. भागाकार २.१.

१ च्या खाली गेला तर तबकडी ढेकळासारखी फुटते. १ ते २ च्या आसपास असेल तर ती फुटत नाही, पण छोट्याशा धक्क्याने मोठी भुजा उठू शकते. त्याहून बराच वर गेला तर तबकडी बधिर. धक्का द्या, काही होत नाही. आता चुळबूळ ३८ ऐवजी १५ घालून बघा. उत्तर ०.८. याच एका आकड्यात फुटण्याचं आणि टिकण्याचं अंतर आहे.

मधली अवस्था सगळ्यात गोड आहे आणि मला तिच्यावर जास्त वेळ द्यायला आवडतं. समजा एक दाट पट्टा फिरण्याच्या दिशेने पुढे कलला आहे, म्हणजे त्याचं बाहेरचं टोक पुढे आहे. आतलं टोक लवकर फिरतं, बाहेरचं मागे पडतं, म्हणून पट्टा हळूहळू सरळ उभा होतो आणि मग दुसऱ्या बाजूला कलतो. तो कलंडत असताना त्याची दिशा ज्या बाजूला वळते, त्याच बाजूला ताऱ्यांचं झुलणंही काही काळ वळत असतं. म्हणून तारे त्या पट्ट्याच्या सोबतीत नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतात, आणि तेवढ्या वेळात पट्ट्याचं स्वतःचं गुरुत्व त्यांना आणखी जमा करतं. एका कलंडण्यात पट्टा कितीतरी पटीने दाट होऊ शकतो. तूम्रे यांनी १९८१ साली ही यंत्रणा सविस्तर मांडली. आणि सरतेशेवटी भुजा कुठल्या बाजूला कलते? मागे पडणाऱ्या. बहुतेक सर्पिल दीर्घिकांच्या भुजा फिरण्याच्या मागे ओढलेल्या दिसतात, तुमच्या मच्छर अगरबत्तीसारख्याच.

भुजा उठली की जाताना ताऱ्यांना ढवळून जाते. चुळबूळ वाढते, क्यू वर चढतो, पुढची भुजा कमजोर. जेम्स सेलवूड आणि रेमंड कार्लबर्ग यांनी १९८४ साली संगणकावर दाखवलं की फक्त ताऱ्यांची तबकडी असेल तर दहाएक फेऱ्यांत भुजा मावळतात. थंड वायू येत राहिला आणि त्यातून शांत वेगाचे नवे तारे जन्मत राहिले तर क्यू खाली राहतो आणि भुजांचा खेळ चालू राहतो. त्याच वर्षी चंदा जोग आणि फिलिप सॉलोमन यांनी तारे आणि वायू एकत्र धरून हिशोब केला आणि वायूचा वाटा थोडा असला तरी तो सगळ्या तबकडीला अस्थिर करायला कसा पुरतो ते दाखवलं. चंदा जोग यांचं पुढचं काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. वायू संपलेल्या, भुजा नसलेल्या, तबकडी मात्र शाबूत असलेल्या दीर्घिका आकाशात भरपूर आहेत. त्यांच्याकडे बघताना मला हे समीकरण आठवतं.

तबकडी कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलात, म्हणजे भोवतीच्या गोलसर आवरणात, बसलेली आहे हेही इथेच उपयोगी पडतं. जेरेमिया ऑस्ट्रायकर आणि जिम पीबल्स यांना १९७३ साली दिसलं की प्रभामंडल नसलेली थंड, म्हणजे कमी चुळबुळीची, तबकडी संगणकात झटकन दांडा होऊन जाते. पडवीतल्या त्या मुलीच्या "बसलंय कोण" या प्रश्नाला दुसरी बाजू मिळते: जे बसलंय ते तबकडीला सावरूनही आहे.

पुण्याचं एक ताजं उदाहरण याच पायरीवर करून घ्या. २०२५ साली राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत 'अलकनंदा' ही रेखीव दोन भुजांची दीर्घिका शोधली. विश्व दीड अब्ज वर्षांचं होतं तेव्हाची, व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं. त्रिज्या साडेचार किलोपार्सेक, वेग २०० धरून बघा: एक फेरी १४ कोटी वर्षांची. विश्वाच्या आरंभापासून ती फिरत होती असं मानलं तरी तिच्या बाहेरच्या कडेच्या दहा-अकरा फेऱ्याच झाल्या असत्या. एवढ्यात तबकडी बसायची, थंड व्हायची आणि भुजा उठायच्या. पोरं हा हिशोब करून गप्प होतात.

आता घडवा

अलार आणि जुरी तूम्रे या भावांनी १९७२ साली जे केलं तेच करायचं, आपल्या लॅपटॉपवर. दोन जड बिंदू, आणि मोठ्या बिंदूभोवती वजन नसलेले तारे. तारे एकमेकांना ओढत नाहीत, फक्त दोन जड बिंदू त्यांना ओढतात. यामुळे गणित हलकं होतं आणि तरीही भुजा उठतात.

मोठा बिंदू १० हजार कोटी सूर्यांचा, दुसरा म्हणजे जवळून जाणारा पाहुणा त्याच्या चौथाई. सगळ्यात जवळच्या क्षणापासून सुरुवात करा: मधलं अंतर २० किलोपार्सेक, एकमेकांच्या सापेक्ष वेग २३२. वस्तुमानाच्या मध्याला शून्य धरलं तर मोठा डावीकडे ४ वर, पाहुणा उजवीकडे १६ वर. पाहुण्याला वर १८५.६ वेग द्या, मोठ्याला खाली ४६.४.

वेळेचं पाऊल ०.०००५ ठेवा. आपल्या एककांत ते साधारण ५ लाख वर्षांचं. प्रत्येक पावलाला तीन कामं, याच क्रमाने: ओढीने अर्धं पाऊल वेग बदलायचा, पूर्ण पाऊल जागा बदलायची, नव्या जागेवरची ओढ काढून उरलेलं अर्धं पाऊल वेग बदलायचा. ही रीत मागे चालवली तर आलेल्या वाटेने परत जाते, आणि तोच तिचा उपयोग. फक्त दोन जड बिंदू घेऊन पाऊल उणे करा आणि ५०० पावलं मागे जा. २४ कोटी वर्षांपूर्वी ते कुठे होते ते मिळालं.

आता मोठ्या बिंदूभोवती ४, ६, ८, १०, १२ किलोपार्सेकची कडी मांडा, त्यांत अनुक्रमे १२, १८, २४, ३०, ३६ तारे. वेग काढायला वस्तुमानाचं सूत्र उलटं फिरवा: चारच्या कड्यावर ३२८, बाराच्या कड्यावर १८९. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. आणि हे विसरू नका: प्रत्येक ताऱ्याच्या वेगात मोठ्या बिंदूचा स्वतःचा वेग मिळवायचा. मी तो मिळवला नव्हता. कडी जागीच राहायला बघत होती, मोठा बिंदू त्यांच्यातून सरकून जात होता आणि सगळे तारे एका बाजूला ओघळत होते. ते ओघळणं मला भुजेसारखं दिसलं आणि तीन रविवार मी मुलांना तेच भुजा म्हणून दाखवलं. चौथ्या रविवारी पाहुण्याचं वस्तुमान शून्य करून बघितलं तेव्हा तीच "भुजा" पाहुण्याशिवायही आली, आणि चूक सापडली. मुलांसमोर पाटीवर ती समजावून सांगितली आणि आधीचे छापलेले कागद त्यांच्याकडून परत घेतले.

म्हणून आता नियम: आधी पाहुणा शून्य वजनाचा ठेवून हजार पावलं चालवा. कडी गोल राहिली पाहिजेत. तारे बाहेर उडाले तर पाऊल मोठं आहे, निम्मं करा. कडी एका बाजूला सरकली तर वेग मिळवायचा राहिलाय. गोल राहिली की मगच पाहुण्याला वजन द्या.

१,३०० पावलं चालवा आणि दर शंभराला चित्र साठवा. पाहुणा जवळ येईपर्यंत फारसं काही होत नाही. मग बाहेरचं कडं अंडाकृती होतं, पाहुण्याकडची बाजू त्याच्याकडे पुलासारखी ताणली जाते आणि समोरच्या बाजूला दुसरी शेपटी सुटते. आतली कडी वेगाने फिरत असल्याने या दोन्ही टोकांना वाक येतो. चारचं कडं जवळपास तसंच राहतं. हे त्यांना नीट बघायला लावा: धक्का बाहेरच्यांना बसतो, कारण तिथे मोठ्याची ओढ सैल आणि पाहुण्याची जवळ.

आता फक्त एक बदल. ताऱ्यांची फिरण्याची दिशा उलटी करा, बाकी सगळं तेच. भुजा जवळपास उठतच नाहीत. पहिल्या वेळी पाहुणा ताऱ्यांच्याच दिशेने जात होता, तोच तारा बराच वेळ त्याच्यासमोर राहत होता आणि ओढ साचत होती. उलट दिशेत तारा समोरून सर्रकन निघून जातो. एकच चिन्ह बदलून एवढा फरक बघितला की मुलं आपणहून पुढचे प्रश्न घेऊन बसतात: पाहुणा निम्म्या वजनाचा केला तर, तिरका आला तर, दोनदा आला तर.

एप्रिल-मेमध्ये गावाबाहेरच्या अंधारात जा. सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाचा तारा मरीची. त्याच्यापासून साडेतीन अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढ्या अंतरावर, एम ५१ आहे. लहान दुर्बिणीतून शेजारी शेजारी दोन फिकट ठिपके दिसतात, एक मोठा, एक छोटा. लॉर्ड रॉस यांना १८४५ साली आयर्लंडमध्ये ७२ इंची आरशातून तिच्या भुजा पहिल्यांदा दिसल्या. तुमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि खरा काळोख असेल तर त्यांचा अंदाज तुम्हालाही येईल. छोटा ठिपका म्हणजे पाहुणा, एनजीसी ५१९५. तुमच्या चित्रांपैकी पाहुणा जवळून गेल्यानंतरचं एक छापून सोबत न्या, लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा आणि पाहुणा दुर्बिणीत दिसतो त्याच बाजूला येईपर्यंत तो कागद फिरवा.